बियाण्याचे कर्ज आणि पिकाची मालकी

आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळातील शेतकऱ्याला मृग नक्षत्र जवळ आले की एकच घोर लागे : बियाणे कोठून आणावयाचे? घरातील कणगी तोवर रिकामी झालेली असे. मग तो सावकाराच्या ओसरीवर जाई आणि सवाईने किंवा दिढीने बी घेऊन येई. पावसाळ्यापूर्वी मण घेतला, तर सुगीला दीड मण परत करावयाचा. बी थोडेसेच असे. पण त्यावाचून नांगरून ठेवलेले सारे रान व्यर्थ. आणि बी एकदा उसने आणले की उभ्या पिकावर खरा हक्क कुणाचा, हा प्रश्नही त्याच्याबरोबर घरात शिरे.

या जुन्या व्यवहाराची आठवण व्हावी, असा एक व्यवहार आज जगातील मोठ्या विद्यापीठांतून चालतो. त्यांनीही त्याला बियाण्याचेच नाव दिले आहे. परदेशातील विद्यापीठाशी किंवा रुग्णालयाशी सहकार्य करून तेथील आरोग्याच्या प्रश्नावर काम करू इच्छिणाऱ्या प्राध्यापकाला त्याचे विद्यापीठ आपल्या गंगाजळीतून थोडी रक्कम देते. ही रक्कम बहुधा पाच-दहा हजारांपासून चाळीस-पन्नास हजार डॉलरांपर्यंत असते आणि मुदत एक-दोन वर्षांची. तेवढ्यात रुग्णालय उभे राहत नाही, औषधांचा साठा होत नाही. मात्र प्रवास घडतो, दोन्हीकडची माणसे समोरासमोर बसतात, एखादी लहान पाहणी पार पडते. पुढे मोठ्या निधीसाठी अर्ज केला की देणारी संस्था प्रथम विचारते, ‘या जागी तुमचे पूर्वीचे काम काय?’ त्या प्रश्नाला उत्तर देता यावे, यासाठीच हे बीजभांडवल.

इतक्या अल्प आरंभातून खरोखर काही उगवते काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर शोधावयाचे तर केनिया देशातील एल्डोरेट या नगराकडे वळले पाहिजे.

तेथे १९८४ साली मोई विद्यापीठ स्थापन झाले आणि त्या दशकाच्या अखेरीस त्याचे वैद्यकीय महाविद्यालय आकारास येऊ लागले. नैरोबीच्या खालोखाल ते देशातील दुसरे. त्याच सुमारास अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाचे काही प्राध्यापक-डॉक्टर जोडीदार शोधीत होते. त्यांनी मोईशी नाते जोडले. या नात्याच्या प्रारंभी अवाढव्य निधी नव्हता. इंडियानाचा एक तरी डॉक्टर एल्डोरेटला वर्षभर मुक्काम करील, तेथील वॉर्डात तेथील सहकाऱ्यांबरोबर रुग्ण पाहील आणि विद्यार्थ्यांना शिकवील, एवढीच साधी रीत त्यांनी घालून घेतली. दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांची ये-जा सुरू झाली. दहा वर्षे हे असेच चालले. बाहेरून पाहणाऱ्याला त्यात सांगण्यासारखे फारसे काही दिसले नसते.

नंतर एड्सची लाट आली. वॉर्डातील खाटा तरुण रुग्णांनी भरून गेल्या. औषधे निघाली होती, पण श्रीमंत देशांपुरती. केनियातील सामान्य माणसाला त्यांची किंमत ऐकूनच घाम फुटावा. २००० साली मोईचाच एक वैद्यकीय विद्यार्थी त्या वॉर्डात मरणासन्न अवस्थेत सापडला. इंडियानाचे डॉ. जो मॅमलिन तेव्हा तेथेच होते. त्यांनी खटपट करून त्याच्यासाठी औषधे मिळविली आणि तो विद्यार्थी उठून बसला. मग साऱ्यांपुढे प्रश्न उभा राहिला : एकाला वाचविता येते, तर शेजारच्या खाटेवरच्याला का नाही?

त्या प्रश्नातून २००१ साली ‘ॲम्पाथ’ ही संयुक्त योजना जन्मास आली. एल्डोरेटचे रुग्णालय आणि मोसोरिओट हे खेड्यातील आरोग्यकेंद्र, एवढाच तिचा पसारा. नुसत्या गोळ्यांनी उपाशी माणूस बरा होत नाही, हे ध्यानात येताच रुग्णांच्या अन्नासाठी शेतीही सुरू झाली. २००४ पासून अमेरिकन सरकारचा मोठा निधी येऊ लागला, तेव्हा तो पेलावयास माणसे, पद्धती आणि परस्परांवरील विश्वास तयार होता. पुढे लक्षावधी लोकांपर्यंत ही सेवा पोहोचली. पैशाने हे झाले खरे. पण आधीच्या दहा वर्षांची मुळे नसती, तर तोच पैसा उथळ जमिनीवरील पावसासारखा वाहून गेला असता.

बीज कोठवर जाते, याचेही एक उदाहरण येथेच सापडते. मोसोरिओटच्या केंद्रात २००१ मध्ये रुग्णांच्या नोंदी साध्या संगणकावर ठेवावयास आरंभ झाला. त्या अनुभवातून, आणखी काही देशांतील सहकाऱ्यांच्या साहाय्याने, २००४ पासून ‘ओपन एमआरएस’ ही कोणालाही विनामूल्य वापरता येणारी नोंदप्रणाली घडू लागली. छत्तीसगढमधील बिलासपूरजवळच्या गनियारी येथे जनस्वास्थ्य सहयोगाचे जे रुग्णालय आहे, तेथे पुढे तिच्याच पायावर उभारलेली प्रणाली वापरात आली. आफ्रिकेतील खेड्याचे बी असे आपल्या शेजारी येऊन रुजले.

आता पुन्हा सावकाराच्या ओसरीकडे वळू. अशा भागीदारीतही दिढी वसूल करणारे असतात. प्रश्न कोणता घ्यावयाचा, हे दूरच्या विद्यापीठात ठरते. पैसा तेथल्याच खात्यात राहतो. येथील डॉक्टर उन्हातान्हात माहिती गोळा करतो आणि निबंध छापून येतो, तेव्हा त्याचे नाव मधल्या गर्दीत हरवलेले असते. पाहुणा महिनाभरात परत जातो आणि आजारी माणूस जेथल्या तेथे राहतो. म्हणून हल्ली काही विद्यापीठे असे अनुदान देताना दोन्ही देशांतील प्राध्यापकांची नावे बरोबरीने मागतात. हा केवळ शिष्टाचार नव्हे. पिकाच्या मालकीचा तो दस्तऐवज आहे.

त्याची कसोटी २०२५ साली लागली. जानेवारीत अमेरिकन सरकारने आपली परदेशी मदत एकाएकी थांबविली आणि जुलैपर्यंत तिची मदतसंस्था ‘यूएसएड’ बंदही झाली. केनियातील एड्स-सेवेला मोठा धक्का बसला. पाट आटला की रोप तगते ते मुळांच्या बळावर. एल्डोरेटचे रुग्णालय केनियाचे आहे. तेथील डॉक्टर, परिचारिका आणि प्राध्यापक त्याच मातीत शिकून तयार झालेले आहेत. निधी गेल्याने हाल होतात, हे कोण नाकारील? परंतु विद्या मागे राहते. ती कोणाला परत मागता येत नाही.

आपल्यापैकी कित्येकांची मुले-मुली आज परदेशी विद्यापीठांत अध्यापन करीत आहेत. उद्या त्यांच्यापैकी कोणी असे अनुदान घेऊन इंदूरच्या, बेळगावच्या किंवा गोव्याच्या एखाद्या रुग्णालयाच्या दारी येईल. घरी मुक्कामाला आला तर त्याचे कौतुक अवश्य करावे. रात्री पान वाढताना मात्र घरातील वडीलधाऱ्यांनी एवढे विचारावे, ‘बाळ, बी तू आणलेस, हे उत्तमच झाले, पण पीक कुणाच्या कणगीत जाणार?’