उरलेल्या रंगांना द्या फोडणी!

रविवार संपला, चित्र अर्धवट राहिलं, पॅलेटवर रंगांचे ढीग तसेच आणि उद्या ऑफिस. मग काय, पेपरात पुसून सगळं कचऱ्यात! ओळखीचं वाटतंय ना? रात्रीच्या भाताला आपण सकाळी फोडणी देतोच की. मग महागड्या ऑइल कलर्सनीच काय घोडं मारलंय?

रंग टिकवा

ऑइल पेंट पाणी उडून वाळत नाही. त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं. म्हणजे हवा अडवा, गारवा द्या, की रंगाचं आयुष्य वाढलं. ढिगांवर क्लिंग फिल्म दाबून बसवा किंवा पॅलेट घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवा. डबा मात्र फक्त रंगांचाच हवा, कारण कॅडमियमसारखे काही रंग विषारी असतात. वर साय आलीच तर बाजूला करा, खालचा रंग मस्त असतो. अंबर लवकर वाळतो, तो आधी संपवा.

वीस मिनिटं, बस्स!

पोस्टकार्डाएवढा जाड कागद घ्या, त्यावर जेसोचे दोन हात द्या. विषय? कटिंगचा ग्लास, अर्धं लिंबू, खिडकीतला ढग. मोबाइलवर वीस मिनिटांचा टायमर लावा. डोळे किलकिले करून उजेड-सावलीचे चार-पाच मोठे आकार शोधा आणि चपट्या ब्रशने थेट मांडा. बारीकसारीक तपशील विसरा. निळा संपलाय? नारिंगीशेजारी राखाडी लावून बघा, तो चक्क निळसर दिसतो! ट्यूब भरलेली असती तर हे कधी कळलं असतं?

दिग्गजांचीही सवय

झटपट स्टडीज म्हणजे टाइमपास नव्हे. जॉन कॉन्स्टेबलने १८२१-२२मध्ये लंडनच्या हॅम्पस्टेडला ढगांचे ऑइल स्केचेस केले. मागे तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशाही लिहून ठेवली. मेलबर्नला १८८९मध्ये टॉम रॉबर्ट्स आणि मित्रांनी ९ बाय ५ इंची चित्रांचं प्रदर्शन भरवलं. त्यातली बरीचशी सिगारच्या खोक्यांच्या झाकणांवर होती! आणि अमेरिकेतली गॅम्ब्लिन कंपनी तर कारखान्यातल्या हवेतून गाळलेली रंगांची पूड एकत्र करून ‘टॉरिट ग्रे’ बनवते. तुम्हीही उरलेले रंग कालवून असाच राखाडी करा. पुढच्या कॅनव्हासच्या पहिल्या हाताला तो झकास.

खरा फायदा वेगळाच आहे. कोरा, महागडा कॅनव्हास समोर आला की हात आखडतो. त्यात आठवड्यातून एकदाच ब्रश धरला तर हात बसणार कसा? उरलेल्या रंगाचा हिशेब कुणी मागत नाही. बिघडलं तर बिघडलं! नोकरीत शिरल्यावर चित्रकला सुटलेल्यांसाठी परतीची ही सगळ्यात सोपी वाट.

जाता जाता : टर्पेंटाइन वापरताना खिडकी उघडी ठेवा. रंग सिंकमध्ये धुऊ नका. तेलकट चिंध्यांचा बोळा करून ठेवू नका, तो आपोआप पेटू शकतो. चिंध्या पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका.

मग आज रात्री जेवणानंतर टीव्हीऐवजी पॅलेट?