आजीच्या डबीतली चवली-पावली

लक्ष्मीपूजनाच्या तबकात आपण जुनी नाणी मांडतो, हळदीकुंकू वाहतो आणि परत डबीत टाकतो. त्यांच्याकडे निरखून कधी बघितलंय? एकदा बघाच. कारण ओळख नसली की फसगत होते.

माझ्या मावशीकडे पावल्यांची माळ होती. दारावर आलेल्या एकानं "ही काही चांदी नाही बाई, निकेल आहे" असं सांगून ती भांड्यांच्या बदल्यात नेली. पावल्या गोल होत्या आणि त्यांवर दाढीवाला राजा होता. म्हणजे ती चांदीच होती!

आधी हिशेब बघू. इंग्रजी अमदानीत रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे आणि पैशाच्या ३ पया. म्हणजे एका रुपयात १९२ पया. 'पै पै जमवली' असं आपण म्हणतो ते उगाच नाही. दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली.

आता चेहरे. १८७६ पर्यंतच्या नाण्यांवर व्हिक्टोरिया 'क्वीन' आहे, १८७७ पासून 'एम्प्रेस'. पुढं चांदीच्या नाण्यावर टक्कल आणि दाढी, पण मुकुट नाही, तो सातवा एडवर्ड. मुकुट आणि दाढी असलेला पाचवा जॉर्ज. मुकुट आहे पण दाढी नाही, तो सहावा जॉर्ज.

जुना रुपया बरोबर एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅम, आणि बाराला अकरा भाग चांदी. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली. १९४६-४७ ची पावली, अधेली निकेलची. १९१८ पासूनची चौकोनी चवली चांदीची नाही आणि १९१९ ते २१ मधली नागमोडी कडेची पावलीही नाही. भोकाचा पैसा १९४३ ते ४७ मधला. महायुद्धात तांबं कमी पडलं म्हणून मधोमध भोक पाडलं. पोरांच्या करदोट्यात तो हमखास ओवलेला असे.

गडचिरोलीकडच्या आठवडी बाजारात गळ्यात नाण्यांची माळ घातलेल्या आदिवासी आजी मी पाहिल्यात. बँक नव्हती तेव्हा बाईची पुंजी अशी अंगावरच असायची.

काही गोष्टी लक्षात ठेवा. नाणी चिंच-राखेनं घासू नका, मोल कमी होतं. राम-हनुमानाचं चित्र आणि '१८१८' साल असलेलं कंपनीचं नाणं लाखाला जातं, असं कुणी म्हटलं तर भुलू नका. तसली नाणी कंपनीनं कधी पाडलीच नाहीत. 'जुनी नाणी घेतो, आधी फी भरा' असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्येच याबद्दल सावध केलं आहे. विकायचीच असतील तर दोन सराफांकडे वजन करून घ्या आणि पावती मागा.

ठेवायची असतील तर डबीत एक चिठ्ठीही टाका: कुणाची नाणी, कुठून आली. विकायची की लेकीला द्यायची, हे त्या घरच्या बाईनं ठरवावं. पण आधी ओळखून, मगच!