केकवरच्या ठिणग्यांमागचे हात

१८ एप्रिल २०२३ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, निजामपूर-जैताणे भागातल्या एका कारखान्यात आग लागली आणि कामावरच्या चार बाया जिवानिशी गेल्या. वाढदिवसाच्या केकवर लावतात त्या ठिणग्या उडवणाऱ्या मेणबत्त्या तिथे बनत होत्या. त्याच वर्षी ८ डिसेंबरला पिंपरी-चिंचवडजवळ तळवड्यात अशाच मेणबत्त्यांच्या कारखान्यात आग लागली. सहा जणी त्याच दिवशी दगावल्या, आणखी काही जणी पुढे उपचार चालू असताना. आठ महिन्यांच्या आत, एकाच राज्यात, एकाच हौसेच्या वस्तूपायी हे घडलं. तरीही या वस्तूबद्दल आणि ती बनवणाऱ्यांबद्दल चुकीच्या समजुती सर्रास ऐकू येतात.

‘मेणबत्तीच ती, मेण वितळवायचं आणि वात घालायची, त्यात कसला आलाय धोका?’ हा त्यातला सगळ्यात घातक समज. ती मेणबत्ती हातात घेऊन बघा. चंदेरी किंवा सोनेरी कागदाची बोटाएवढी नळी, खाली केकमध्ये खुपसायला प्लॅस्टिकचं टोक. आत मेण जवळजवळ नसतंच. असते ती धातूची बारीक भुकटी आणि तिला पेटतं ठेवणारं ज्वालाग्राही मिश्रण. म्हणजे ही शोभेची दारू झाली, दिवाळीतल्या झाडाच्या जातीची. एक नळी केकवर काही सेकंद जळते आणि विझते. कारखान्यात मात्र तीच भुकटी किलोकिलोने उघडी असते, शेजारी भरलेल्या नळ्यांचे ढीग असतात. घासण्याने उडालेली एक ठिणगीही तिथे पुरते. मेण पेटलं तर पळायला वेळ मिळतो, हे मिश्रण तो देत नाही. म्हणूनच १८८४चा स्फोटक कायदा आणि २००८चे स्फोटके नियम अशा उत्पादनाला परवाना सक्तीचा करतात. एका वेळी किती माल जवळ बाळगायचा, इमारतींमध्ये अंतर किती सोडायचं, हे तिथे ठरलेलं असतं. तळवड्याचा कारखाना अनधिकृतपणे चालत असल्याचं आगीनंतर पुढे आलं.

‘दहा-वीस बायांचं छोटं काम, त्याला कुठला कारखान्याचा कायदा लागतोय?’ हेही नेहमी ऐकू येतं. कामगारसंख्येची अट होती आणि आहे, हे खरं. पण स्फोटक कायदा डोकी मोजत नाही. शिवाय १९४८च्या कारखाने अधिनियमाचं कलम ८५ राज्य सरकारला संख्येच्या अटीखालच्या जागांनाही कायदा लावायची मुभा देत होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या सुरक्षा संहितेत तर जिवाला धोका असलेल्या कामासाठी, एकच कामगार असला तरी, ती लागू करण्याची तरतूद आहे. ‘आम्ही छोटे’ ही पळवाट वाटते तेवढी रुंद नाही.

मला सगळ्यात जास्त बोचतो तो पुढचा समज: ‘बाया आपखुशीने येतात. परवडत नसतं तर आल्या असत्या का?’ एप्रिलमध्ये साक्रीच्या कोरडवाहू रानात काय काम असतं? पुढच्या हंगामात बिऱ्हाड पाठीवर घेऊन ऊसतोडीला जाण्यापेक्षा घराजवळची मजुरी कोणीही पत्करेल. त्या अडचणीला खुशी म्हणणं हा अन्याय आहे, आणि कायदाही तसं म्हणू देत नाही. किमान वेतनापेक्षा कमी घ्यायला कामगार लेखी कबूल झाला तरी तो करार रद्दबातल ठरतो. काम नगावर असलं तरी किमान वेतनाचा हिशेब सुटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली, दिल्लीच्या आशियाई स्पर्धांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात, किमान वेतनाखाली राबवून घेणं ही घटनेच्या २३व्या कलमात मनाई केलेली वेठबिगारीच आहे, असा निकाल दिला. गरिबीची सक्ती ही सक्तीच, हे त्यामागचं तत्त्व.

‘आयएसआय मार्क बघून घेतो, मग झालं’ असं म्हणणारे सुजाण पालकही भेटतात. खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून हा मार्क सक्तीचा आहे आणि ते उत्तमच झालं. पण तो मार्क मुलाच्या तोंडात जाणाऱ्या रंगाबद्दल, टोकदार कडांबद्दल बोलतो. बनवणारीला मजुरी किती मिळाली, दाराला कुलूप होतं का, याबद्दल तो काहीच सांगत नाही. थायलंडमधल्या केडर कारखान्यात परदेशी बाजारासाठी खेळणी बनत. १० मे १९९३ रोजी तिथे आग लागली आणि १८८ कामगार मेले, बहुतेक तरुण मुली. बाहेर पडायची दारं बंद होती.

‘मग घेणंच बंद करू’ हे मला पटत नाही. माल उठला नाही तर धंदा आणखी आडरानात सरकतो आणि मजुरी आधी तुटते. त्यापेक्षा सुटी, बिननावाची नळी घेऊ नये. २०११च्या वजनमापे नियमांनुसार खोक्यावर उत्पादकाचं नाव-पत्ता आणि बनवल्याचा महिना-साल छापावं लागतं. तो पत्ता आपल्या जिल्ह्यातला निघाला, तर पुढची चौकशीही आपल्याच हाती आहे. एका वेळी १५ किलोपर्यंतच्या शोभेच्या दारूच्या उत्पादनाचा परवाना जिल्हाधिकारी देतात, त्यावरचा परवाना देणं केंद्राच्या ज्या संघटनेकडे आहे तिचं मुख्यालय नागपूरला आहे. धुळ्यात असे किती परवाने दिले आणि तपासणी शेवटची कधी झाली, हे माहिती अधिकारात दहा रुपये भरून कोणालाही विचारता येतं.