तुटलेला जबडा आणि ‘दातांचा डॉक्टर’

दुचाकीवरून पडून कुणाचा जबडा मोडला की नातेवाइकांत एक वाक्य हमखास ऐकू येतं. “अहो, दातांच्या डॉक्टरला कशाला बोलावताय? हाडांचा चांगला डॉक्टर बघा ना!” अपघात विभागातला निवासी डॉक्टर सांगत असतो की मॅक्सिलोफेशियल सर्जन येताहेत, सीटी स्कॅन झालाय, घाबरू नका. इकडे व्हरांड्यात काका-मामांची बैठक बसलेली असते आणि पेशंटला दुसऱ्या हॉस्पिटलात हलवायचा ठराव जवळजवळ पास झालेला असतो. मी आरोग्यविषयक लिहिते हे नात्यागोत्यात माहीत असल्यामुळे असा फोन मलाही येतो, बहुधा रात्री जेवणं आटोपल्यावर. दर वेळी तेच सांगायचं, समोरून “हो, पण शेवटी दातांचाच ना?” असं ऐकायचं. म्हणून आता लिहूनच काढते.

मॅक्सिलोफेशियल सर्जन, म्हणजे जबड्याचा आणि चेहऱ्याचा सर्जन, आधी बीडीएस, म्हणजे दंतवैद्यकाचा पदवीधर, होतो. चार वर्षं अभ्यासक्रम आणि एक वर्ष इंटर्नशिप. मग प्रवेश परीक्षा देऊन तीन वर्षांचं एमडीएस, तेही याच विषयात. या तीन वर्षांत दात भरणं, कवळ्या बसवणं वगैरे मागे पडतं. जबड्याची मोडलेली हाडं, चेहऱ्यावरच्या जखमा, जबड्यातल्या गाठी, दुभंगलेले ओठ आणि टाळू, जबड्याचा सांधा, तोंडातले आणि मानेपर्यंत पसरणारे पू यांच्यात ती जातात. भूलशास्त्र, जनरल सर्जरी, अपघात विभाग इथे पाळ्या कराव्या लागतात. आणि ‘याला कायद्याने परवानगी तरी आहे का’ असं विचारणाऱ्यांसाठी: १९४८च्या डेंटिस्ट्स अ‍ॅक्टने दंतवैद्यकाची व्याख्याच मुळी मानवी दात ‘किंवा जबडे’ यांच्यावरच्या शस्त्रक्रिया आणि उपचार अशी केली. जबडा हा शब्द तिथे पहिल्यापासून आहे. कुणी आगाऊपणाने नंतर घुसवलेला नाही.

पण कायद्यात बसतं म्हणजे हाताला जमतंच असं नाही, हा आक्षेप रास्त आहे. तेव्हा ऑपरेशन टेबलावर काय चालतं ते बघू.

मांडीचं किंवा नडगीचं हाड जोडताना एखाद्या मिलिमीटरचा फरक राहिला तर माणूस चालायला लागतो आणि विसरून जातो. जबड्यात ही चैन नाही. जेवताना दाताखाली केस आला तरी आपल्याला कळतं, इतकी दातांची जाण बारीक असते. खालचा जबडा किंचित फिरून जुळला तर एका बाजूचे दात आधी टेकतात, दुसऱ्या बाजूला फट राहते, आणि तो माणूस उरलेलं आयुष्य ‘माझे दात बसत नाहीत’ म्हणत हिंडतो. एक्स-रेमध्ये हाड छान जुळलेलं दिसतं आणि त्याला भाकरी चावता येत नाही.

म्हणून जबड्याचं ऑपरेशन हाडापासून सुरू होत नाही, दातांपासून सुरू होतं. आधी वरच्या आणि खालच्या दातांना धातूच्या पट्ट्या तारेने बांधतात. मग अपघाताआधी वरचा कुठला दात खालच्या कुठल्या दातावर बसत होता ते शोधायचं. वर्षानुवर्षं चावून दातांवर झिजेच्या खुणा पडलेल्या असतात, त्या वाचता आल्या पाहिजेत. वरचे-खालचे दात त्या खुणांप्रमाणे जुळवून एकमेकांना आवळून बांधले की मोडलेली हाडं बरीचशी आपोआप जागेवर येतात. त्यानंतर टायटॅनियमच्या छोट्या पट्ट्या आणि स्क्रू, तेही बऱ्याचदा तोंडाच्या आतूनच, म्हणजे बाहेर व्रण नाही. या छोट्या पट्ट्यांची पद्धत फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गच्या शांपी यांनी १९७०च्या दशकात रूढ केली. त्याआधी चार-सहा आठवडे दात बांधून ठेवायचे आणि पेज, ताक, सूप यांवर दिवस काढायचे. आता बऱ्याच पेशंटना लवकर तोंड उघडू देतात.

आता सांगा, दातांची जुळणी कुणाला वाचता येईल? हाडांचे डॉक्टर याबाबत नातेवाइकांपेक्षा शहाणे असतात. मोडलेला जबडा समोर आला की बहुतेक जण स्वतःच मॅक्सिलोफेशियल सर्जनला फोन लावतात. व्हरांड्यातल्या बैठकीला हे माहीत नसतं, एवढंच.

आणखी एक गोष्ट. खालचा जबडा बांगडीसारखा आहे. एका जागी दणका बसला तरी फुटतो बऱ्याचदा दोन ठिकाणी. हनुवटीच्या उजवीकडे मार बसतो आणि डाव्या कानापुढचा सांध्याजवळचा भाग मोडतो. दिसते ती हनुवटीवरची जखम. तिला टाके पडतात, ड्रेसिंग होतं, आणि कानापुढचं मोडलेलं हाड तसंच राहून जातं. मोठ्या माणसाला निदान दुखतं, दात जुळत नाहीत, तो पुन्हा येतो. खरा धोका लहान मुलांना. घसरगुंडीवरून, पायरीवरून पोरगं हनुवटीवर आपटतं, टाके घालून घरी येतं, आठवड्यात खेळायला लागतं. पुढच्या काही महिन्यांत तोंड कमी कमी उघडू लागतं. घरच्यांना वाटतं, खाण्याचे नखरे करतोय. तोवर सांधा कवटीच्या हाडाला चिकटू लागलेला असतो. खालच्या जबड्याची वाढही तिथूनच होते, त्यामुळे चेहरा वाढताना एका बाजूला ओढला जातो किंवा हनुवटी मागे राहते. मग मोठं ऑपरेशन, त्यानंतर महिनोन्‌महिने तोंड उघडायचे व्यायाम. सुरुवातीलाच लक्षात आलं असतं तर मुलांच्या या फ्रॅक्चरला बहुतेक वेळा कापाकापी लागतही नाही. मऊ जेवण, वेळेवर सुरू केलेले व्यायाम आणि नियमित तपासणी यांवर भागतं. म्हणून हनुवटीवर टाके पडलेल्या प्रत्येक मुलाच्या आईबापांनी एक प्रश्न विचारावा: कानापुढचा सांधा तपासलात का?

इतिहासाचाही एक दाखला देते, कारण ‘चेहऱ्याची सर्जरी म्हणजे प्लास्टिक सर्जनचंच काम’ हा याच गैरसमजाचा सुशिक्षित भाऊ आहे. पहिल्या महायुद्धात खंदकांतून डोकं वर काढलेल्या सैनिकांचे जबडे गोळ्यांनी उडाले, तेव्हा त्यांना उभं करणाऱ्यांत दंतवैद्य पुढे होते. हार्वर्डहून आलेले काझान्जियान मूळचे दंतवैद्य. आधुनिक प्लास्टिक सर्जरीचे जनक म्हणून ज्यांचं नाव घेतात त्या हॅरल्ड गिलीज यांना या कामाची गोडी लागली ती फ्रान्समध्ये शार्ल वालाडिये या दंतवैद्याचं काम पाहून. आणि मक्तेदारीचीच भाषा करायची तर आपल्या पुण्याने कुठे ती मानली? टिपू सुलतानाच्या सैन्याने नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला कपाळाच्या कातडीचं नवं नाक पुण्याजवळ बसवलं गेलं. त्याची हकीकत १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये चित्रासह छापून आली. ते नाक बसवणारा विटा भाजणाऱ्यांच्या जातीतला कारागीर होता.

याचा अर्थ चेहऱ्याचं सगळं एकाच माणसाकडे न्यावं असा नाही. भाजलेली किंवा मोठ्या भागावरची कातडी गेलेली असेल तर प्लास्टिक सर्जन लागतो. डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडून दोन-दोन दिसायला लागलं तर नेत्रतज्ज्ञाने बघितलंच पाहिजे. तोंडाच्या कॅन्सरसाठी जिथे कॅन्सर सर्जन, रेडिएशन आणि केमोथेरपीवाले एकत्र बसून ठरवतात अशा ठिकाणी जावं. आणि अपघातात मेंदू, मान, श्वास आणि रक्तस्राव आधी. जबडा काही दिवस थांबू शकतो, श्वास थांबू शकत नाही. ‘रात्रीच ऑपरेशन करा’ म्हणून निवासी डॉक्टरच्या अंगावर धावून जाणाऱ्यांनी हे जरा शांतपणे वाचावं.

‘माझा भाचा लंडनला आहे, तो म्हणतो तिकडे या सर्जनला दोन्ही डिग्र्या लागतात.’ असंही ऐकू येतं. भाचा बरोबर आहे. ब्रिटनमध्ये वैद्यकीय आणि दंतवैद्यकीय अशा दोन्ही पदव्या लागतात. अमेरिकेत दोन्ही वाटा आहेत: दंतवैद्यकीय पदवीनंतर चार वर्षांचं प्रशिक्षण, किंवा सहा वर्षांचं, ज्यात एमडीही होते. भारतात बीडीएसनंतर एमडीएस. पद्धती वेगळ्या आहेत, म्हणूनच नुसत्या पदवीवर न थांबता या माणसाने नेमकं हे काम किती केलंय ते विचारायचं असतं.

ते कसं विचारायचं? सरळ विचारायचं. असं ऑपरेशन तुम्ही नेहमी करता का, की अधूनमधून? भूल कोण देणार? इथे अतिदक्षता विभाग आहे का, नसेल तर गरज पडल्यास कुठे नेणार? ओठ किंवा हनुवटी बधिर राहू शकते का? काहीच केलं नाही तर काय होईल? शेवटचा प्रश्न सगळ्यांत उपयोगी, आणि तोच कुणी विचारत नाही. ‘इतके प्रश्न विचारले तर डॉक्टर रागावतील’ ही भीती सोडा. समीरा कोहली खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की उपचाराचं स्वरूप, पर्याय, धोके आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम पेशंटला समजतील असे सांगूनच संमती घ्यायला हवी. रागावणाऱ्या डॉक्टरकडून दुसऱ्या डॉक्टरकडे जायला कुणाची परवानगी लागत नाही. या सर्जनची नोंदणी राज्याच्या डेंटल कौन्सिलकडे असते. एमडीएस कुठल्या विषयात झालंय ते नीट वाचा, कारण एमडीएस नऊ विषयांत होतं आणि दात सरळ करणारेही एमडीएसच असतात. त्या नऊ विषयांत ‘इम्प्लांट’ नावाचा वेगळा विषय नाही. तेव्हा पाटीवर ‘इम्प्लांटॉलॉजिस्ट’ दिसलं की मूळ शिक्षण कुठलं, हे विचारावं. काहींचं उत्तम असतं, काहींचं शनिवार-रविवारच्या कोर्सचं असतं. जाहिरातीच्या रीलवर आधीचा आणि नंतरचा चेहरा दाखवतात. सहा महिन्यांनंतरचा चेहरा सहसा दाखवत नाहीत.

दुसरा मोठा गैरसमज असा की सरकारी डेंटल कॉलेजात गेलं तर शिकाऊ पोरं आपल्यावर हात साफ करून घेतात. मुंबईचं सरकारी दंत महाविद्यालय, महापालिकेचं नायर, नागपूर आणि संभाजीनगरची सरकारी कॉलेजं, इथे आसपासच्या जिल्ह्यांतले अपघात येऊन पडतात. जबडे जोडायचा सराव जिथे रोज होतो ती ही ठिकाणं. पदव्युत्तर विद्यार्थी असतात, पण वर शिक्षक उभे असतात. रांग मोठी, खाटा कमी, बाथरूमबद्दल न बोललेलं बरं, हे सगळं खरं. पण हात कच्चे, हे खरं नाही. जनआरोग्य योजनेत आपलं ऑपरेशन बसतं का, हे कुठल्याही संलग्न रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून घ्यावं.

बाकीचे भराभर.

वरची दाढ काढली की नजर कमी होते: दाताची नस वेगळी, दृष्टीची वेगळी, दोघींचा संबंध नाही. दाढा काढायची वेळ अनेकांवर चाळिशीच्या आसपास येते आणि जवळचं वाचायचा चष्माही त्याच सुमारास लागतो, म्हणून दोष दाढेच्या माथी.

अक्कलदाढा चारही काढून टाकलेल्या बऱ्या: ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००० सालीच सांगितलं की त्रास नसलेली, रोग नसलेली अडकलेली दाढ केवळ खबरदारी म्हणून काढू नये. वारंवार सुजणारी, शेजारच्या दाढेला कीड लावणारी काढावी. खालच्या दाढेची मुळं नसेला चिकटलेली दिसली तर आधी त्रिमितीय स्कॅन करून मग हात घालणारा सर्जन निवडावा.

मधुमेह असेल तर दात काढता येत नाही: साखर आटोक्यात असेल तर येतो.

रक्त पातळ करायची गोळी दोन दिवस आधी आपणच बंद करावी: अजिबात नको. ती गोळी तुमच्या हृदयासाठी आहे, दात काढणाऱ्याच्या सोयीसाठी बंद करायची नाही. हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. हाडं ठिसूळ झाल्यावर किंवा कॅन्सरमध्ये दिली जाणारी काही औषधं जबड्याचं हाड भरू देत नाहीत, म्हणून चालू असलेल्या सगळ्या औषधांची चिठ्ठी सोबत न्या, सहा महिन्यांपूर्वीच्या इंजेक्शनचीसुद्धा.

ग्रहणात गरोदर बाईने भाजी चिरली म्हणून बाळाचा ओठ फाटला: ओठ आणि टाळू गर्भाच्या पहिल्या तीन महिन्यांतच जुळतात, ते न जुळण्यामागे आनुवंशिकता आणि इतर अनेक कारणं असतात, सुरी त्यात नाही. आईला दोष देण्यात घालवायचा वेळ दूध कसं पाजायचं ते शिकण्यात घालवा. ओठाची शस्त्रक्रिया साधारण तीन महिन्यांच्या सुमाराला होते.

तुकडा तपासायला काढला की कॅन्सर पसरतो: पसरत नाही, पसरतो तो वाट पाहण्याने. खर्रा, गुटखा, तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडात दोन आठवड्यांत न भरलेला फोड, पांढरा-लाल चट्टा किंवा तीन बोटं मावणार नाहीत इतकं कमी उघडणारं तोंड, यांपैकी काहीही दिसलं तर मलम बदलत बसू नका. तपासणीची तारीख घ्या.