जुनी गाडी, चालती गाडी – लेखांक ९ : रेस चढली? आधी स्क्रूला हात नको

रायपूरच्या जयस्तंभ चौकात लाल दिवा लागतो, चालक गाडी न्यूट्रलला आणतो, तरी इंजिन शांत न होता घोंघावतच राहते. तात्यापाऱ्याच्या गल्ल्यांत हा दोष धोक्याचाही ठरतो, कारण क्लच सोडताच गाडी नको तेवढी पुढे ओढते. गॅरेजच्या बोलीत याला ‘रेस चढली’ म्हणतात. उपायही ठरलेला: आयडलचा स्क्रू ढिला करायचा. रेस उतरते, पण मूळ दोष तसाच राहतो आणि थंड इंजिन सकाळी सुरू होताच बंद पडू लागते.

पेट्रोल इंजिनाचे फेरे आत जाणाऱ्या हवेवर ठरतात. पाय पेडलवर नसताना थ्रॉटलची झडप जवळपास मिटलेली असते आणि इंजिन मिनिटाला साधारण ८०० ते ९०० फेऱ्यांवर चालते. फेरे १५०० झाले, तर जास्तीची हवा कुठून तरी आत येत आहे. शोध त्या वाटेचा घ्यायचा.

सर्वांत सोपी तपासणी केबलची. बॉनेट उघडून अ‍ॅक्सिलरेटर केबलला किंचित ढील आहे का ते पाहावे. केबल ताणलेली असेल किंवा थ्रॉटलवर काजळी साचली असेल, तर झडप पुरती मिटत नाही. कार्ब्युरेटरच्या गाडीत चोकची दांडी पूर्ण आत गेली आहे का, हेही बघावे. एसी चालू केल्यावर रेस थोडी वाढणे हा दोष नाही, ती सोय मुद्दाम केलेली असते. एसी बंद केल्यावरही रेस उतरत नसेल, तर मात्र ती वाढवणारी यंत्रणा अडकली आहे.

खरी गंमत व्हॅक्यूमच्या पाइपांत आहे. मे महिन्यात रायपूरचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि बॉनेटखालची उष्णता त्याहून कितीतरी जास्त असते. दहा-पंधरा वर्षे अशी भाजणी सोसलेले रबर कडक होते, टोकाशी चिरते. अशा चिरेचा परिणाम सगळ्या गाड्यांत सारखा नसतो. मारुती ८०० हे याचे चांगले उदाहरण. १९८३ साली आलेल्या या गाडीला आधी कार्ब्युरेटर होता. त्यात फालतू हवा शिरली की मिश्रण पातळ होते, इंजिन थरथरते, मिसिंग करते. २००० सालच्या सुमारास आलेल्या एमपीएफआय इंजिनात मॅनिफोल्डचा दाब मोजणारा सेन्सर असतो. हवा चिरेतून आली तरी दाब वाढलेला दिसतो, संगणक त्या हिशेबाने पेट्रोलही वाढवतो आणि रेस अगदी गुळगुळीत चढते. इंजिन सुरळीत वाजते म्हणून गळतीचा संशयच येत नाही.

गळती शोधायला महागडे यंत्र लागत नाही. इंजिन चालू ठेवून एकेक पाइप कापड गुंडाळलेल्या पकडीने हलकेच दाबावा. ज्या पाइपावर रेस एकदम उतरते, तिथून पुढे तपासत जावे. ब्रेक बूस्टरचा जाड पाइप विसरू नये. मॅनिफोल्डच्या गॅस्केटवर पाण्याचा बारीक फवारा मारला, तर गळतीच्या जागी क्षणभर आवाज बदलतो. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल किंवा क्लीनर फवारण्याची रीत आगीला आमंत्रण देणारी आहे, ती टाळावीच.

आता उन्हाळ्याच्या भीतीपोटी होणारी एक चूक. इंजिन तापू नये म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकला जातो. तो बहुधा ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतो आणि तोवर इंजिनाला लवकर तापू देतो. तो नसला की डिसेंबरच्या सकाळी रिंग रोडवर धावणारे इंजिन पुरेसे गरमच होत नाही. संगणकाला ते थंडच दिसते, म्हणून तो पेट्रोलही जास्त देतो आणि रेसही चढती ठेवतो. पाण्याचे तापमान सांगणारा सेन्सर बिघडला तरी हेच घडते. मल्टिमीटरवर तो २० अंशांना दोन-अडीच हजार ओहम आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास दाखवतो. आकडा गरम इंजिनावरही उतरत नसेल, तर सेन्सर बदलावा. जास्तीच्या पेट्रोलची झळ पीयूसीलाही बसते: बीएस-२ आणि बीएस-३ काळातील पेट्रोल मोटारींना आयडलवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.५ टक्के आहे.

हे सगळे निस्तरल्यावरच कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवावा, तोही इंजिन पूर्ण गरम, एसी, दिवे आणि रेडिएटरचा पंखा बंद असताना. एमपीएफआय गाडीत थ्रॉटलचा स्टॉप-स्क्रू कारखान्यातच बसवलेला असतो, तो आहे तसाच राहू द्यावा.