ऐंशीतले आजोबा आणि फुफ्फुसातली गाठ : किती कापायचं?

ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी आजचा एपिसोड लिहून देतोय. मी डॉक्टर नाही, कोड लिहितो. पण परळमध्ये राहायचं, १९४१ पासून उभं असलेलं टाटा मेमोरियल रोज बघायचं आणि कॅन्सरबद्दल प्रश्न पडायचे नाहीत, असं कसं होईल?

आजोबा ८२ वर्षांचे, फुफ्फुसात छोटी गाठ, तपासणीत कॅन्सर निघाला. घरात पहिलं वाक्य ठरलेलं: "या वयात कशाला ऑपरेशन?" खरं तर इथे दोन प्रश्न आहेत. ऑपरेशन करायचं का? आणि करायचं तर किती?

उजव्या फुफ्फुसाचे तीन मोठे भाग असतात, डाव्याचे दोन. त्यांना लोब म्हणतात. प्रत्येक लोबमध्ये आणखी छोटे भाग, म्हणजे सेगमेंट. अख्खा लोब काढला की लोबेक्टॉमी, एखादा सेगमेंट काढला की सेगमेंटेक्टॉमी, आणि गाठीभोवतीचा फक्त तुकडा काढला की वेज.

१९३३ मध्ये अमेरिकेत डॉ. इव्हार्ट्स ग्रॅहॅम यांनी कॅन्सरसाठी एका बाजूचं अख्खं फुफ्फुस काढलं आणि पेशंट पुढे बरीच वर्षं जगला. नंतर गाडी लोबवर आली. १९९५ च्या एका अभ्यासात कमी कापलेल्यांमध्ये कॅन्सर त्याच जागी परत येण्याचं प्रमाण जास्त दिसलं, म्हणून लोबेक्टॉमी हाच नियम झाला.

२०२२ मध्ये जपानचा अभ्यास आला. ११०६ पेशंट, गाठ २ सेंटीमीटरपर्यंत आणि फुफ्फुसाच्या कडेला. पाच वर्षांनी सेगमेंटेक्टॉमीवाले ९४.३ टक्के हयात होते, लोबेक्टॉमीवाले ९१.१ टक्के. गंमत म्हणजे त्याच जागी कॅन्सर परत येणं सेगमेंटवाल्यांमध्येच जास्त होतं (१०.५ विरुद्ध ५.४ टक्के). मग ते जास्त जगले कसे? लोब गेलेल्यांमध्ये दुसऱ्या कारणांनी झालेले मृत्यू जास्त होते. वाचवलेलं फुफ्फुस पुढच्या आजारपणात कामाला येत असावं. २०२३ च्या अमेरिकन अभ्यासातही अशा छोट्या गाठींसाठी कमी कापणं कमी पडलं नाही.

हे बहुतेक पेशंट ऐंशीच्या आतले होते, हे विसरू नका. पण ज्याचा श्वासाचा साठा आधीच कमी, त्याला तर वाचलेला प्रत्येक सेगमेंट मोलाचा. गाठ मोठी असेल किंवा लसिका ग्रंथींपर्यंत पोचली असेल, तर मात्र हे गणित लागू होत नाही.

म्हणून डॉक्टर फक्त जन्मतारीख बघत नाहीत. फुंकून करायची चाचणी, हृदयाची तपासणी, चालणं आणि चक्क जिने! न थांबता २२ मीटर, म्हणजे साधारण सहा-सात मजले चढणाऱ्याला ऑपरेशनचा धोका कमी मानतात. गिरगावच्या चाळीत रोज जिने चढणारे ८२ चे आजोबा लिफ्टवाल्या पासष्टीच्या काकांपेक्षा फिट निघू शकतात. आणि ऑपरेशन झेपणारच नसेल, तर गाठीवर नेम धरून देतात त्या रेडिएशनचा, म्हणजे एसबीआरटीचा, पर्याय असतो.

आपल्याकडे फुफ्फुसातला डाग बऱ्याचदा टीबी समजला जातो आणि त्यात महिने जातात. टीबीच्या गोळ्यांनी डाग हलत नसेल, तर बायोप्सीबद्दल विचारा.

डॉक्टरांना विचारायचे तीन प्रश्न स्क्रीनशॉट काढून ठेवा:
१. गाठ किती मोठी, नेमकी कुठे?
२. लोबऐवजी सेगमेंट काढून चालेल का?
३. ऑपरेशननंतर घरातल्या घरात स्वतःचं स्वतः करता येईल का?

चौथा प्रश्न आजोबांना: "तुम्हाला काय हवंय?" हा प्रश्न राहून जातो. बाकी सगळे दाराबाहेर कुजबुजत ठरवतात, आणि छाती असते आजोबांची.

घरात कोणाला उपयोग होईल असं वाटलं, तर फॅमिली ग्रुपवर टाका. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!