वेळ मॉलचा, पैसा बर्डीचा!

इटियाडोहजवळच्या गावातून आलेली मावसबहीण, चार हजारांचं बजेट आणि एक दुपार. बर्डीतल्या मॉलचा हा आमचा ‘रिअ‍ॅलिटी चेक’!

"ताई, बुधवारी मिहानमधी इंटरव्ह्यू हाये. कपडे घ्यायले संग येशीन ना?"

मावसबहिणीचा फोन. गोंदिया जिल्ह्यात इटियाडोह धरणाजवळ मावशीचं गाव आहे. नुकताच धान विकला होता आणि त्यातले मोजून चार हजार मावशीने हिच्या हातात दिले होते. पहिलाच इंटरव्ह्यू! अर्जुनी-मोरगावहून साकोलीमार्गे एसटीने पोरगी नागपूरला पोचली, तेव्हा मी ठरवलं, आज शॉपिंगसोबत स्टोरीही करायची. शहराच्या ऐन मध्यावरचा मॉल आजही स्पर्धेत आहे का? तपासायला याहून चांगला ग्राहक कुठला?

राउंड १ : मॉल

व्हरायटी चौकातला इटर्निटी मॉल म्हणजे लोकेशनच्या बाबतीत लॉटरीच. मेट्रोच्या दोन्ही लाइन जिथे भेटतात ते सीताबर्डी स्टेशन जवळच. पार्किंगची कटकट नको असेल तर मेट्रोने या, चालत पोचा.

दारात बॅग तपासताना बहीण जरा बावरली. तिला म्हटलं, बिनधास्त चल. १९९९ मध्ये मुंबईत क्रॉसरोड्स मॉल सुरू झाला, तेव्हा सुरुवातीला मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर आत यायचे पैसे मोजा, असा फंडा होता. आता मॉललाच आपली गरज आहे!

मॉलचं गणित तसं सोपं. मल्टिप्लेक्स वरच्या मजल्यावर का असतं? सिनेमाला निघालेला माणूस जाता-येता दुकानांवरून जावा म्हणून. मोठ्या ब्रँडला भाडं स्वस्त का? त्याच्या नावावर गर्दी येते आणि त्या गर्दीवर छोटी दुकानं चालतात. पण किती पाय आत आले यापेक्षा किती पिशव्या बाहेर गेल्या, हे महत्त्वाचं.

आमच्या हातात पिशवी आली एकच. फॉर्मल ट्राउझर, १,२९९ रुपये. किंमत बघून बहीण कुजबुजली, "येवढ्याची काहून जी?" पण सहा ट्राउझर घालून बघितल्या, आरशासमोर बसून-उठून बघितलं, कुणी घाई केली नाही. आयुष्यात पहिल्यांदा ट्राउझर घेणाऱ्या मुलीला बंद दाराची ट्रायल रूम किती मोठी गोष्ट वाटते, हे मला त्या दिवशी कळलं. शिवाय स्वच्छ टॉयलेट, एसी आणि निवांत बसायला जागा. दोन तास कसे गेले कळलंच नाही.

राउंड २ : मेन रोड

चौक ओलांडला की खेळच बदलतो. इथे घासाघीस हीच ट्रायल रूम! सातशेचा कुर्ता साडेचारशेला, तोही दोनदा पाठ फिरवून. दोन कुर्ते झाले नऊशेत. काळे शूज आठशेत. वेळ? जेमतेम पाऊण तास.

मॉलचा खरा प्रतिस्पर्धी हाच. जमशेदजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेल्या एम्प्रेस मिलच्या जागेवरचा एम्प्रेस मॉल किंवा मेडिकल चौकातला व्हीआर यांच्याशी सामना आहेच. आणि तुमच्या-माझ्या खिशातला मोबाइल? ब्रँडच्या दुकानात साइज बघून ऑनलाइन ऑर्डर कोण करतं, हात वर करा!

राउंड ३ : सरप्राइज

डिसेंबरची थंडी, म्हणून शेवटी तिबेटी स्वेटर मार्केट. फिक्स रेट. राखाडी कार्डिगन, साडेसातशे. बिल देताना विक्रेत्या काकूंनी विचारलं, कुठली गं तू? गावाचं नाव ऐकताच त्या हसल्या. गोठणगावजवळ १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची नोरग्येलिंग वसाहत आहे, या तिथल्याच! मग धरणाच्या, धानाच्या, एसटीच्या गप्पा. भाव एक रुपयाने कमी झाला नाही, पण बहिणीचं टेन्शन पार पळालं. हे कुठल्याही मॉलच्या ऑफरमध्ये मिळत नाही.

हिशेब

खर्च ३,७४९. मॉलला मिळाले १,२९९, म्हणजे साधारण तिसरा हिस्सा. वेळ मात्र दोन तास. बाकी सगळा पैसा रस्त्यावर गेला.

मॉल स्वस्ताईत बर्डीला हरवू शकणार नाही आणि त्या नादाला त्याने लागूही नये. त्याची ताकद आहे निवांतपणा, विशेषतः मुलींसाठी. बसायच्या जागा काढून तिथे स्टॉल लावणारा मॉल स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतो. आज नुसती बसायला आलेली मुलगी उद्या पगार घेऊन येणार असते!

आमचं रिपोर्ट कार्ड (पाचपैकी)

लोकेशन : ५
निवांतपणा : ४
ट्रायल रूम : ५
खिशाला परवडणं : २
घासाघिशीची मजा : ०

उरलेल्या २५१ रुपयांचं काय? मी म्हटलं, चल, मॉलमध्ये कॉफी पिऊ. बहिणीने पैसे नीट घडी करून पर्समध्ये ठेवले. "पहिल्या पगारात पाजतो ताई. तिथंच."